भाल्यामागचे अप्पा

सांगलीकराच्या अंगात नाटक असतंच, पण आमच्या अप्पांच्या अंगात ते 1843 पासून आहे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं त्या सालापासून अप्पांची कुठलीही तक्रार सुरू होते. रिमोट सापडत नसला तरी.

संध्याकाळचा चहा झाला की अल्बम निघतो. काळी जाड पानं, मधे बटर पेपर, फोटोंच्या कोपऱ्यांना त्रिकोण. निम्मे त्रिकोण सुटलेत, त्यामुळे पान उलटलं की कुणाची तरी मुंज मांडीवर पडते. "कडा धर! बोट लावू नको!" मग तोंडी परीक्षा. "हा कोण, ओळख बघू?" आपण भीत भीत "तुम्ही?" म्हणावं, तर ते मिरजेच्या आत्याचे दीर निघतात.

सगळ्यांत लाडका फोटो गणेशोत्सवातल्या नाटकाचा. राजा, प्रधान, विदूषक, सगळे ऐटीत उभे. आणि अप्पा? "राजाच्या फेट्यामागं भाला दिसतोय की नाही? तो मी!" टोक खरंच दिसतं. क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलचे बाराच फोटो निघत. भालदारासाठी दुसरा कोण काढणार? "आता चारशे काढता आणि एक बघत नाही," असं म्हणून अप्पा बटर पेपर नीट करतात.

तेवढ्यात आतून टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचा हशा येतो आणि पारा चढतो. "पुरुषाला साडी नेसवली की झाला विनोद! दर्जा म्हणून राहिला नाही!" हे बोलताना मांडीवर उघडं असतं दिवाळी अंकातून कापून चिकटवलेलं चित्र: बालगंधर्व, भामिनीच्या वेशात. काकू पोहे निवडता निवडता विचारतात, "मग ह्यांना काय धोतर नेसवलंय?"

"अगं, ती साडी निराळी! ती बघून बायका नेसायला शिकल्या!"

गंधर्वांच्या साड्यांचं, दागिन्यांचं अनुकरण तेव्हा घरंदाज बायका करत, हे खरंच. पण 'संयुक्त मानापमाना'बद्दल अप्पा असे बोलतात की पहिल्या रांगेचं तिकीट खिशातून काढून दाखवतील. प्रयोग 1921 चा, अप्पा 1949 चे.

1988 साली 'अशी ही बनवाबनवी' लागला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे साडीत दिसताच अप्पा "थिल्लर!" म्हणून थिएटरातून उठून आले. काकू शेवटपर्यंत बसल्या, पैसे दिले होते म्हणून. आज तोच सिनेमा टीव्हीवर लागला की अप्पा ताट घेऊन समोर बसतात, संवाद नटाच्या आधी म्हणतात आणि "असा निखळ विनोद आता होणे नाही," म्हणत डोळे पुसतात. त्यांच्या वडिलांनी 'सोंगाड्या'ला अशीच नावं ठेवली होती. अप्पा तो चोरून बघून आले होते. दर्जाही लोणच्यासारखा मुरावा लागत असणार. आमच्या घरात त्याला तीसेक वर्षं लागतात.

परवा सातवीतला नातू मोबाइलवर कार्टून बघता बघता वैतागला. "श्शी! आमच्या लहानपणी काय भारी असायची कार्टून! आता काही दम नाही राहिला."

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे नीट बघितलं. मग सोफ्यावर जागा करून दिली. "ये, बस. आज पान तू उलट," म्हणाले. "कडा धरून हं!"