मिटल्या तोंडाने पाताळात

फिलिपिन्सच्या पलावान बेटावर डोंगराच्या पोटातून एक नदी वाहते. तिच्यात होडीने शिरण्याआधी नावाडी एकच सूचना मनापासून देतो. वर खुशाल बघा, पण तोंड मिटून. छताला वटवाघळं लटकलेली असतात आणि आपल्याखाली कुठल्या देशाचा नागरिक बसला आहे याची त्यांना पर्वा नसते.

बाकीच्या प्रवाशांना ही अट सोपी वाटत असावी. आमच्या होडीत आत्या होती. आत्याने सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात काढली. नववी-दहावीच्या पोरांना गप्प बसवणं हा तिच्या नोकरीचा भाग होता, स्वतः गप्प बसणं कधीच नव्हता. सोबत ताई होती आणि मालवणचे भाऊजी होते. भाऊजी बोलले नाहीत तर त्यांना बरं नाही असं घरात समजतात.

पुएर्तो प्रिन्सेसा शहरापासून सबांगचा धक्का सुमारे 80 किलोमीटर. रस्ता झकास, पण सरळ जायचं त्याच्या मनातच नाही, त्यामुळे व्हॅनला दोनेक तास लागतात. रोज ठरावीकच माणसं आत सोडतात, म्हणून परवाना आधी काढावा लागतो. धक्क्यावर पोचलं की आपला नंबर येईपर्यंत बसून राहायचं. इथे सगळे आपल्याला ‘मॅम-सर’ म्हणतात. समोर बाई आहे की बुवा, या भानगडीत न पडता दोन्ही मान एकदमच देऊन टाकतात. भाऊजींना तो मॅमसकटचा मान फार आवडला.

सबांगहून समुद्रातून ‘बांका’ नावाच्या होडीने पुढे जायचं. बांका पाहताच भाऊजींचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला. “अरे, ही तर आपली उलांडीची होडी! फक्त यांनी उलांडी दोन्ही बाजूंना लावलीय.” एवढ्यावर थांबायचं, तर त्यांनी चालवणाऱ्याला मालवणीत दोन सूचनाही केल्या. त्याने हसून “येस, मॅम-सर” म्हटलं आणि स्वतःच्या मनाप्रमाणे होडी हाकली. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही पांढऱ्या वाळूवर उतरलो. कमरेपर्यंत सगळे भिजले होते, आत्या जरा जास्तच, कारण लाटांची दिशा समजावून सांगायला ती उभी राहिली होती.

तिथून झाडीतून थोडं चालायचं. वाटेवर घोरपडी फिरत असतात. चांगल्या ऐसपैस घोरपडी, आणि माणसाला पाहून पळण्याचे कष्टही न घेणाऱ्या. भाऊजींनी लगेच दोर आहे का विचारलं. माकडांबद्दल मात्र रखवालदार गंभीर होता. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना लांबून कळतो, पिशव्या आत ठेवा, असं तो सांगत असतानाच ताईने भाकरवडीचं पाकीट नीट आत ठेवायला बाहेर काढलं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. माकडाने पहिली भाकरवडी हुंगली, फोडली, आतला मसाला चाटला आणि बाहेरचा भाग फेकून दिला. ताईला चोरीपेक्षा या खाण्याच्या पद्धतीचा राग आला.

गुहेचं तोंड हिरव्यागार डोहावर उघडतं. नदी डोंगरातून निघते ती जवळजवळ थेट समुद्रातच पडते, त्यामुळे भरतीचं पाणी उलट गुहेत खूप आतपर्यंत जातं. भूमिगत नदीची लांबी 8.2 किलोमीटर. युनेस्कोने 1999 मध्ये या राष्ट्रीय उद्यानाला जागतिक वारसा ठरवलं आणि 2012 मध्ये निसर्गातल्या नव्या सात आश्चर्यांत तिचं नाव पक्कं झालं. एवढं मोठेपण मिळाल्यावर हेल्मेट, तरंगणारं जाकीट आणि कानाला लावायचं बोलकं यंत्र आलंच. यंत्र बऱ्याच भाषा बोलतं, मराठी सोडून. माणसाने माहिती सांगितली की आवाज घुमतो आणि पाखरं बिथरतात, म्हणून ही सोय. माहिती सांगण्याचं काम यंत्राकडे गेलंय हे आत्याला पटायला वेळ लागला. नावाड्याने वजनं डोळ्यांनीच जोखून आम्हाला पुढेमागे बसवलं, आत्याला मधोमध.

आत शिरल्यावर उजेड असा नाहीच. नावाड्याच्या कपाळावर एक दिवा, आणि तो मान वळवेल तिकडे जग. दगडाला इथे नावं आहेत. उंच दालनाला कॅथीड्रल म्हणतात. तिथे मेरी आहे, येशूचं कुटुंब आहे, एक भली थोरली मेणबत्ती आहे. मग भाज्यांचा विभाग येतो, लसूण, मका, अळंबी. एका घाटदार बाईचं नाव शॅरन स्टोन. मुळात वरच्या डोंगराचं सेंट पॉल हे नावही असंच पडलं. इंग्रज खलाशांना त्याच्यात लंडनच्या चर्चचा घुमट दिसला. घरापासून लांब आलेल्या माणसाला दगडात आपलंच काहीतरी दिसतं, तर आम्ही का मागे राहायचं? आत्याने मला कोपराने ढोसलं. डावीकडे गणपती, डाव्या सोंडेचा. मी मान डोलावली. ताईने मागून पाठीवर बोट रुतवलं. विठोबा, कमरेवर हात. भाऊजींनी दोन्ही तळवे जोडून हलवले. आम्ही तो नमस्कार समजलो, पण त्यांना सुरमई दिसली होती.

अंधारात थेंब पडत असतात. ते दोन प्रकारचे असतात. एक चुनखडीतून पाझरणाऱ्या पाण्याचे आणि दुसरे सूचनेतले. असा एक थेंब भाऊजींच्या वरच्या ओठावर बरोबर मधोमध पडला. तो कुठला, हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. पुसायला हात वर केला असता, पण बोटं काठाबाहेर आणि हात हवेत नकोत ही दुसरी सूचना. कॅथीड्रलपासून भाजीबाजारापर्यंत त्यांनी तो थेंब तसाच सांभाळला. लग्नात मुंडावळ्या बांधल्या होत्या तेव्हाही ते इतके स्थिर बसले नव्हते, असं ताईने नंतर सांगितलं.

वटवाघळांसोबत इथे पाकोळ्याही राहतात. अंधारात त्या टकटक आवाज करत त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. तिन्हीसांजेला वटवाघळं बाहेर पडतात आणि पाकोळ्या घरी येतात, एमआयडीसीत पाळी बदलते तशी. त्यांची विष्ठाच खाली किडामुंगीचं अन्न होते, सगळ्या गुहेचा संसार तिच्यावर चालतो. हे कळल्यावर भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण दिवा दुसरीकडे होता.

आत्या मात्र हळूहळू कोपर मारायची थांबली. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. आपल्याकडे गुहा म्हटली की बहुधा माणसाने छिन्नीने खोदलेलं लेणं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडक विरघळवतं आणि थेंबाथेंबाने पुन्हा साचवतं, हा धडा तिने दरवर्षी शिकवला होता. वरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, खालून वाढतो तो ऊर्ध्वमुखी, आकृतीला दोन गुण. आकृती काढून काढून तिचे खडू झिजले होते, पण खरा लवणस्तंभ तिने आज पाहिला. आणि समोर वर्ग होता, फळ्याएवढी भिंत होती, तरी बोलायची सोय नव्हती.

पाऊण तासाच्या फेरीत नदीचा थोडाच भाग दाखवतात. पुढे जायला वेगळा परवाना लागतो, आणि होडीने फार तर 4.3 किलोमीटरपर्यंत जाता येतं. नावाड्याने होडी वळवली तेव्हा आत्याने नाकाने निषेधाचा एक आवाज काढला. जवळच्या पाकोळीने त्याला उत्तर दिलं.

बाहेर उजेडात येताच भाऊजींनी ओठ पुसला आणि रुमाल उन्हात धरून तपासला. निकाल त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितला नाही. आत्याने तोंड उघडलं ते सबांगला जेवायला बसेपर्यंत मिटलं नाही. याच गुहेच्या भिंतीत सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रगाईचे अवशेष रुतलेले सापडले आहेत, हे तिने आम्हाला सांगितलं, बांकावाल्याला सांगितलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या कोरियन जोडप्यालाही सांगितलं. त्यांनी उठून वाकून नमस्कार केला.

जेवणात तामिलोक आलं. खारफुटीच्या कुजक्या लाकडातून काढलेलं लांब, करडं, लिबलिबीत काहीतरी, व्हिनेगरमध्ये घातलेलं, कच्चं. ताईने ताट मागे सरकवलं. “अळी खाणार?”

“अळी नाही,” आत्या म्हणाली. “शिंपल्याच्या वर्गातला प्राणी आहे. दोन शिंपा असतात, त्यांनी लाकूड पोखरतो. जावईबापू, तुमच्या तिसऱ्यांचाच भाऊबंद.”

भाऊजींनी थोडा विचार केला. मग एक उचललं, मान मागे टाकली आणि गिळलं. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी वाढणाऱ्याला जवळ बोलावलं आणि ओलं खोबरं घालून याचं सुकं कोणी करतं का, ते विचारलं.

“नो, मॅम-सर,” तो म्हणाला. भाऊजींनी उरलेली बशी स्वतःकडे ओढली आणि त्याच्याकडे नारळ मागितला.