संगमरवरा, आमचं प्रवचन परत दे

संगमरवरा,

मुलुंड पूर्वेच्या आमच्या देवळात तू आलास त्याला आता चार वर्षं झाली. राजस्थानातून ट्रकने आलास, तुझ्यापुढे नारळ फुटला, पेढे वाटले गेले. देणगीदारांची नावं तुझ्याच अंगावर कोरली आहेत, म्हणून तुझ्याविरुद्ध चकार शब्द काढायला कोणी धजत नाही. मी काढते. तू चोर आहेस. म्हाताऱ्या माणसांच्या कानाशी आलेला शब्द तू पळवतोस.

माझी आई 78 वर्षांची आहे. चातुर्मासात दुपारी चारचं प्रवचन तिने कधी चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी एक दिवस मी तिच्या शेजारी बसले. उजवा तळवा कानामागे, नजर शास्त्रीबुवांच्या ओठांवर. बुवा काहीतरी गमतीचं बोलले, बायका हसल्या. आई शेजारणीकडे बघून क्षणभर उशिरा हसली. परतताना रिक्षात म्हणाली, "भक्ती म्हणाले की मुक्ती, तेच कळेना गं. नुसतं घुमतं." तिला कानाचं यंत्र आहे. ते बुवांचा आवाज मोठा करतं, तसा तुझा घुमाराही मोठा करतं. त्यानंतर आठवड्याभरात तिने जाणं सोडलं.

तू हे करतोस कसं, तेही सगळ्यांना कळू दे. तुझ्यावर आदळलेल्या आवाजातला जेमतेम शंभरावा हिस्सा तू पोटात घेतोस, बाकी सगळा परत फेकतोस. बोलण्यात स्वर दणकट आणि व्यंजनं नाजूक. मागच्या शब्दातला 'आ' छताखाली फिरत असतानाच पुढचा 'भ' येतो आणि त्याच्याखाली चिरडला जातो. उरतं ते '...क्ती'. आता भक्ती, मुक्ती, शक्ती, युक्ती यांतलं काय ते आईने ओळखायचं!

तुझ्याआधी इथे लाकडी खांबांचा सभामंडप होता. वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, तीन बाजू उघड्या. माईक नसतानाही शेवटच्या रांगेत ऐकू यायचं. कारण साधं आहे. उघड्या जागेतून गेलेला आवाज परत येत नाही. 1895 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात असाच गोंधळ होता, उच्चारलेलं अक्षर साडेपाच सेकंद घुमत राहायचं. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री-रात्री जागून, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमारा मोजला. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने काय धरलं? उघडी खिडकी. तुझ्याबरोबर एसी आला आणि आमच्या तिन्ही बाजूंना सरकत्या काचा लागल्या. होतं नव्हतं ते माप आम्ही स्वतःच्या हाताने बंद केलं.

सॅबिनच्याच सूत्राने मी आमच्या सभागृहाचा हिशोब मांडला. लांबी 50 फूट, रुंदी 33, उंची 20. चारच्या प्रवचनाला पंचवीस बायका असतात. तेव्हा आवाज विरायला साधारण पाच सेकंद लागतात. रामनवमीला तिथेच तीनशे माणसं दाटीने बसली की जेमतेम एक सेकंद, कारण माणसाचं अंग आणि कपडे आवाज पितात. विश्वस्त येतात रामनवमीला. देणगीदारही तेव्हाच येतात. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि तक्रार करणारी म्हातारी बहिरी ठरते. तुझ्या सगळ्या अपराधांत मला हाच सर्वांत जास्त लागला आहे.

दगडाशी माझं वैर नाही. बोरिवलीला कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, त्या मोठ्या चैत्यगृहात, संथ सुरात काही म्हणून बघावं. दगड त्या सुराला भरून आणतो. आपल्या देवळातली आरतीही तुझ्यामुळे भरदार वाटते, हे मी मान्य करते. पण प्रवचन व्यंजनांवर उभं असतं.

तुझे साथीदारही सांगते. भिंतीवर उंच, छताकडे तोंड करून लावलेले चार स्पीकर. अॅम्प्लिफायरवरचं इकोचं बटण, जे कोणीतरी हौसेने अर्ध्यावर फिरवून ठेवलंय; तू आहेस तिथे आणखी इको कशाला? कळत नाही म्हटलं की माईकवाला मुलगा आवाज वाढवतो. आवाज वाढला की घुमाराही तितकाच वाढतो, आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांना त्रास होतो तो वेगळाच. मागच्या महिन्यात मी त्या मुलाला विनंती केली. त्याने इको शून्यावर आणला, जाड आवाजाची पट्टी खाली घेतली, माईक बुवांच्या तोंडापासून चार बोटांवर आणला आणि दोनच स्पीकर बायकांच्या बाजूला खाली, कानांच्या उंचीला ठेवले. पैसा खर्च झाला नाही. निम्मा फरक तिथेच पडला. आई परत येऊ लागली आहे, पहिल्या रांगेत बसते.

उरलेला निम्मा तुझ्याकडे आहे. सतरंज्या अंथरून भागत नाही, त्या फार पातळ. गाभारा तुझा राहू दे, फरशी, खांब, नावांच्या पाट्याही तुझ्याच. मला फक्त मागची भिंत हवी आहे. 33 बाय 20 फूट. तिच्यावर लाकडी चौकटीत दोन इंच ग्लासवूल भरून वर जाड कापड ताणायचं. माझ्या हिशोबाने पंचवीस बायकांच्या दुपारीही घुमारा दोन सेकंदांच्या आत येतो. अर्ज विश्वस्तांकडे दिला आहे आणि पुढची सभा चारच्या प्रवचनाच्या वेळीच, त्याच सभागृहात, शेवटच्या रांगेत बसून घ्यावी, असं त्यात लिहिलं आहे.

कळावे,
पहिल्या रांगेतल्या आजींची मुलगी
मुलुंड पूर्व