निर्दोष, म्हणजे बावळट

ओमेगाचं सीमास्टर मनगटावर चढलं आणि माझा डावा हात एकदम कामसू झाला. बसची कडी धरायला डावा, चहाचा कप उचलायला डावा. देवळात प्रसादालाही डावाच पुढे गेला, पुजाऱ्याने डोळे वटारले तेव्हा उजवा आठवला. 'निम्म्याहून कमी किमतीत पटकावलं,' हे ऑफिसात विचारणाऱ्यांना सांगितलं आणि न विचारणाऱ्यांना जास्त सांगितलं. विकणारा गृहस्थ बोलायला गोड. बिल, डबा, वॉरंटी कार्ड काहीच नाही, "घर बदलताना हरवलं हो साहेब." मला पटलं. आमचा तर घर बदलताना पाटा-वरवंटा हरवला होता.

सर्व्हिसिंगला टाकलं तेव्हा कारागिराने भिंगातून आधी नंबर पाहिला, मग मला पाहिलं. त्या नंबरची चोरीची तक्रार होती. पंचनाम्यात माझ्या वैभवाची नोंद झाली : 'एक जुने वापरते मनगटी घड्याळ, चालू स्थितीत.'

वकील मेहुणा धावत आला. "दाजी, मालविक्री कायदा १९३०, कलम २७. विकणाऱ्याचा जेवढा हक्क तेवढाच तुमच्याकडे येणार. चोराकडे शून्य, तुमच्याकडे शून्य."

"अरे, पण मी रोख मोजलेत!"

"म्हणून तर शून्य महागात पडलं."

खरी मौज पुढेच. चोरीचा माल घेणं हाही गुन्हा. पूर्वीचं कलम ४११, आता भारतीय न्याय संहितेतलं ३१७. मात्र माल चोरीचा आहे हे माहीत तरी हवं, नाहीतर तसं वाटायला कारण तरी हवं. म्हणजे मी व्यवहारात चलाख ठरलो तर आत, आणि बाहेर राहायचं तर बावळट ठरणं भाग. मेहुण्याने जबाबात घालायला लावलं की मला बाजारभाव कळत नाही, कोणीही गंडवतं. बायकोने मागितल्यापेक्षा जास्त दाखले पुरवले. ऑफिसात 'निम्म्याहून कमी' ऐकलेली माणसं मात्र अजून मोकाट फिरताहेत.

याच वाटेने थोर मंडळीही गेली आहेत. योको ओनोने १९८० मध्ये जॉन लेननला चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेलं पाटेक फिलिप पुढे तिच्या ड्रायव्हरने लांबवलं. फिरत फिरत ते २०१४ मध्ये एका इटालियन संग्राहकाने विकत घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : घड्याळ बाईंचंच. त्या गृहस्थाला निदान लेननचं नाव तरी सांगता येतं. माझ्या घड्याळाचे मूळ मालक टाइल्सचे व्यापारी निघाले. कोर्टाच्या हुकमाने, सुपूर्दनाम्यावर सही करून त्यांनी ते माझ्यासमोरच मनगटावर चढवलं आणि म्हणाले, "पट्टा झकास घातलात हं." पट्टा माझ्या पैशांचा.

माझ्या पैशांचीही कायद्याने सोय केलेली आहे. चोराला शिक्षा झाली आणि अटकेच्या वेळी त्याच्याजवळ पैसे सापडलेले असले, तर त्यातून अजाण खरेदीदाराला भरपाई देता येते. मेहुण्याने हे अशा उत्साहाने वाचून दाखवलं की मी पेढे आणायला निघालोच होतो. मग त्याने अंगझडतीचा कागद उलगडला : मुदत संपलेला रेल्वेचा पास, गायछापची पुडी, रोख रक्कम निरंक.