कमरेचा दोर

आमच्या सारोळ्यात माझ्या वयाच्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं ते आमच्या थोरल्या चुलत्यांनी. आण्णांची पद्धत कडक. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचे दोन वेढे आण्णांच्या मनगटाला. पंधरा दिवसांनी डबा सुटायचा, दोर राहायचा. विहिरीत न थांबता दहा फेऱ्या झाल्या की मग दोर सुटायचा, तरी पुढचा अख्खा उन्हाळा नीरेच्या पात्रात उतरायला बंदी. "विहिरीला काठ असतो, नदीला ओढ असते," हे आण्णांचं एकमेव अध्यात्म.

त्याच आण्णांनी मला पंधराव्या वर्षी एम-एटी शिकवली. वेळ लागला दीड मिनिट.

"हा क्लच, हा गिअर, हा ब्रेक. दोन्ही किटल्या भरल्यात. जा डेअरीला."

मी क्लच सोडला तो हातातून तांब्या सुटावा तसा. गाडी, किटल्या आणि मी असे तिघं शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत शिरलो. बाहेर निघालो तेव्हा दूध गंजीला आणि गंजी मला लागली होती. आण्णा शांतपणे म्हणाले, "ब्रेक सांगितला होता ना?" सांगितला होता. कधी मारायचा, ते तेवढं राहिलं होतं.

आमच्याकडे गाडी शिकत नाहीत, ती 'येते'. दाढी येते, मिशी येते, तशी. पोरगं आठवीत ट्रॅक्टरवर बापाच्या मांडीत बसतं, नववीत मांडीवरून उतरतं आणि दहावीत बाप उतरतो. पुढं ते पोरगं उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून पुणे-सातारा हायवेवर आलं, की लांबून बघणाऱ्याला वाटतं, ट्रॅक्टर आपोआपच चाललाय, कारण स्टिअरिंगच्या वर डोकं दिसत नाही. आणि हायवे म्हणजे विहीर नव्हे. त्याला भलतीच ओढ आहे. मुंबई ते बंगळुरू जेवढी म्हणून चाकं फिरतात, ती आमच्या दारावरून जातात. पण पलीकडच्या पंपावर जायला दोनशे मीटर राँग साइडनं जाणाऱ्याला आमच्याकडे कुणी राँग म्हणत नाही, 'जवळचा' म्हणतात.

शिवाय भूगोल आमच्या बाजूचा. नीरेच्या पुलावर पुणे जिल्हा संपतो, पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा. आमच्या लहानपणी पोरांची ठाम समजूत होती की पूल ओलांडला की अलीकडचा हवालदार काही करू शकत नाही. ट्रिपल सीट पूल गाठणं हा आमचा सीमोल्लंघनाचा सोहळा. पलीकडेही हवालदार असतो, हे एका दसऱ्याला कळलं.

लायसनचं म्हणाल, तर एकोणीसशे ब्याण्णव साली एका एजंटानं माझे दोन फोटो नेले आणि महिन्यानं लायसन आणून दिलं. मी आठाचा आकडा काढला होता तो फक्त बालवाडीत.

आता माझा पुतण्या. दोन वर्षांपूर्वी सोळाचा झाला त्या दिवशी कायदा घेऊनच आला. "काका, सोळाव्या वर्षी लायसन मिळतं!" मिळतं, खरंच मिळतं. पण बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. म्हणजे १९७२ साली किनेटिकनं काढलेल्या लुनाच्या जातीची गाडी. आज शोरूममध्ये तसली पेट्रोलची गाडी मागितली तर ते चहा पाजून परत पाठवतात. सातबाऱ्यावर नाव आहे, पण जमीनच नाही, अशातली गत. पुतण्याचा डोळा होता वहिनींच्या अ‍ॅक्टिव्हावर, आणि ती निघाली ११० सीसीच्या घरातली.

तरी तो चालवतच होता. क्लासला, किराणाला, पीठ आणायला. घरात कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, उलट दळण वेळेवर येत होतं. मग मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण झालं. सतरा वर्षांचा मुलगा, मध्यरात्र उलटलेली, दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले, आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. आमची आई टीव्हीसमोर शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला. "तीनशे? दोघांचे मिळून?" असं तिनं विचारलं आणि त्यावर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुढं मुलाच्या बापाला अटक झाली, तेव्हा माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. मी मोबाइलवर कायदा वाचून दाखवला. २०१९च्या दुरुस्तीनं घातलेलं कलम १९९ अ. अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

"पोरानं चालवायची आणि बापानं आत जायचं?" आई.

"बापानं किंवा मालकानं," मी.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गाडी माझ्या नावावर आहे. म्हणजे मालक मी?" लग्नाला वीस वर्षं झाली, या घरात त्यांना कुणी मालक म्हटलं नव्हतं, म्हटलं ते थेट फौजदारी कलमानं. त्यांनी त्याच संध्याकाळी मालकी बजावली. किल्ली ज्वारीच्या कणगीत गेली. पुतण्याला कैदेचं, दंडाचं काही वाटलं नाही. तो बोटांवर पंचविसापर्यंत मोजत बसला. लायसन नसलेल्या पोराचं स्थळ कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. दोन वर्षं दळण भावानं डोक्यावरून आणलं.

यंदा त्याला अठरा पूर्ण झाली आणि भावानं फर्मान काढलं: पोरगं मोटार ट्रेनिंगच्या क्लासलाच शिकेल, सोबत मी जायचं, कारण घरात 'अनुभवी' मीच. आधी शिकाऊ लायसनची परीक्षा. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर पाहिजेत. पुतण्यानं सराव म्हणून माझीच घेतली. अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर काय कराल? मी म्हटलं, हॉर्न वाजवीन. "काका, तो पर्यायच नाहीये." मला सात मिळाले. चौतीस वर्षं मी ज्या लायसनवर हिंडलो, ते त्या दिवशी मी खिशातून काढून जरा उलटंपालटं करून पाहिलं.

क्लासचे सर पंचविशीतले. मला मागं बसवलं. पहिले दोन दिवस गाडी सुरूच केली नाही. फक्त सीट, पट्टा, आरसे. मला हसू येत होतं. त्यांनी मागं वळून विचारलं, "काका, तुम्ही आतला आरसा कशाला वापरता?" मी खरं ते सांगितलं, "भांग पाडायला."

तिसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब मांडला. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर पोचायलाच एखादा सेकंद लागतो. "म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी दीड एसटी पुढं गेलेली असते." गंजीत शिरलो तेव्हा माझ्या नि गंजीच्या मधे बैलगाडीएवढीसुद्धा जागा नव्हती. आण्णांना हे कुणी सांगायला हवं होतं. पण आण्णांना सांगणार कोण?

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "काका, परतीला तुम्ही घ्या." मी घेतली. पुतण्या मागं. शिरवळहून निघालो, झोकात पूल ओलांडला, सर्व्हिस रोडला वळलो. एक म्हैस आडवी आली. गाडी अशी अलगद थांबली, की म्हशीनं रवंथ थांबवला नाही. पुढं एक दुचाकी राँग साइडनं आली, तिथंही तसंच. मी पुतण्याकडे आरशातून पाहिलं. आरसा आता त्या कामालाही येत होता. "बघितलंस? अनुभव!"

तो सरांच्या पायांकडे बघत होता. तिथं, डाव्या सीटपुढं, आणखी एक ब्रेक होता.

"दोन्ही वेळा मीच दाबला, काका," सर म्हणाले. "तुमचा पाय अजून अ‍ॅक्सिलेटरवरच आहे."

मी पाय काढला. मग नकळत कमरेशी हात गेला. पट्टा होता.