श्रीयुत बाराव्होल्टे

अमेरिकेतल्या एखाद्या मराठी मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या रांगेत मागे उभे असलेले गृहस्थ "मुलं काय करतात?" असं न विचारता "ट्रेलर आहे का?" असं विचारू लागले, तर सरळ रांग सोडावी. मोदक गेला तरी चालेल. ते बाराव्होल्टे असतात.

बाराव्होल्टे हे आडनाव नव्हे, आम्ही बहाल केलेली पदवी आहे. मूळ आडनाव कुठलंही असू शकतं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, जिथे हिवाळा लांब आणि मराठी इंजिनिअर निवृत्तीला टेकलेला, तिथे हे हमखास सापडतात. धाकटी कॉलेजातून बाहेर पडली की हे ट्रॅव्हल ट्रेलर घेतात. म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर: आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर. देशातले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात, हे ते आपल्याला सांगतातच. उन्हाळ्यात लेक सुपीरिअरच्या काठी दोन-चार मुक्काम होतात, वहिनी चाकांवरच्या ओट्यावर थालीपिठं लावतात, आणि ऑक्टोबरात नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून ट्रेलर घराशेजारी उभा राहतो. इतरांचा मोसम इथे संपतो. बाराव्होल्ट्यांचा इथे सुरू होतो.

कारण ट्रेलर झोपला तरी आतली काही मंडळी जागीच असतात. गॅसगळती हुंगणारं यंत्र चोवीस तास हुंगत बसतं. रेडिओला घड्याळ लक्षात ठेवायचं असतं. टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर इवलासा दिवा लावून कुणाची तरी वाट बघत असतो. सगळी ट्रेलरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर जगतात, एकेकाचा हिस्सा मिलिअँपिअरचा. पण बाराव्होल्टे पेपर नॅपकिनवर हिशेब मांडतात (पेन खिशात असतंच): "सगळे मिळून 100 मिलिअँपिअर धरा. दिवसाला 2.4 अँपिअर-तास. बॅटरी 80ची. सतरा दिवसांत अर्धी! महिन्याभरात खलास! आणि आपण म्हणतोय, सगळं बंद आहे!" शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज चोरी पकडल्यासारखा चढतो.

या माणसाचं मर्म मला बरंच उशिरा कळलं. "तिकडे कोण बसलंय? मग दिवा कुणासाठी?" हा प्रश्न ज्या घरात रोज संध्याकाळी विचारला जाई, त्या घरचा हा मुलगा. पगार डॉलरमध्ये मिळू लागून तीस-पस्तीस वर्षं झाली, पण रिकाम्या खोलीत वीज जळणं त्यांना अजून सोसत नाही. आणि ट्रेलर म्हणजे सहा महिने रिकामी असलेली खोली. प्रश्न पैशांचा नाही. ती अख्खी बॅटरी भरायला जेमतेम एक युनिट वीज लागते. पण निम्मी रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली, तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीची होत नाही. हे सांगताना बाराव्होल्ट्यांचे डोळे पाणावतात. मंडळाच्या नाटकात नायिका मरते तेव्हा ते मोबाइल बघत असतात.

थंडीचं प्रकरण तर वेगळंच. शिसे-ॲसिडची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर आतलं ॲसिड जवळजवळ पाण्यासारखं होतं आणि उणे दहाच्या आसपास गोठून तिचं पोट फुटू शकतं. तीच बॅटरी भरलेली असेल तर उणे पन्नासलाही गोठत नाही. मिनेसोटातल्या टॉवर नावाच्या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी उणे 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. राज्याचा हा विक्रम बाराव्होल्ट्यांना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे. "त्या रात्रीसुद्धा भरलेली बॅटरी हसत उभी राहिली असती!" असं म्हणून ते स्वतःच हसतात.

आता खरं तर उपाय एवढासाच आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, निगेटिव्हची तार काढून ठेवायची आणि घरात येऊन चहा प्यायचा. थंडीत बॅटरी आपली आपण फार हळू उतरते. तार काढलेली, भरलेली बॅटरी बर्फात हिवाळा सुखाने काढते. हे बाराव्होल्ट्यांना कुणापेक्षाही जास्त ठाऊक आहे. तरीही पहिला बर्फ पडायच्या आत ते वीस-पंचवीस किलोंचं ते धूड कवटाळून तळघरात नेतात, लाकडी फळीवर ठेवतात आणि तिला भरलेली ठेवणारा मेंटेनर लावतात. फळी कशाला, सिमेंटवर ठेवल्याने काही होत नाही ना? "नाही. ते जुन्या लाकडी पेट्यांच्या काळातलं. आताचं प्लास्टिक आहे, काही फरक पडत नाही." मग फळी? "असू दे."

वहिनी हे सारं शांतपणे बघतात. "अहो, बॅटरीला स्वेटर विणू का?" एवढंच एकदा म्हणाल्या. बाराव्होल्टे क्षणभर विचारात पडल्याचं मी पाहिलं आहे.

ट्रेलरमध्ये बॅटरी तोडायचं बटण असतं, मग तार कशाला काढायची, असं कुणी विचारलं की त्यांना सुखाच्या गुदगुल्या होतात. कारण कित्येक ट्रेलरमध्ये ते बटण सगळं तोडत नाही. गॅसचं यंत्र कधीकधी त्याला वळसा घालून थेट बॅटरीवर असतं. आणखी एक स्विच तर मुद्दामच थेट जोडलेला असतो: ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर त्याची पिन ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. एका पाहुण्यांच्या मुलाने ती पिन सहज ओढून पाहिली. उभ्या ट्रेलरचे ब्रेक रात्रभर वीज खात राहिले आणि सकाळी बॅटरी थंड. त्या पाहुण्यांना पुन्हा आमंत्रण गेल्याचं ऐकिवात नाही.

या पंथात अलीकडे फूट पडली आहे. तिशीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी लिथियम बॅटऱ्या आणल्या. शिशाच्या बॅटरीला भरल्या पोटी झोपवायचं, लिथियमला अर्धपोटी. शिशाची थंडीतही चार्ज करता येते, लिथियम शून्याखाली चार्ज केली तर बिघडते. मागच्या दिवाळी फराळात या मुद्द्यावरून दोन टेबलं झाली. चकली दोन्ही टेबलांवर मऊ पडली.

जानेवारीत बाराव्होल्टे लग्नकार्यासाठी पुण्यात येतात. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा ते थोरल्या भावाच्या इन्व्हर्टरचं झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघतात. आईच्या पाया नंतर पडतात. सकाळी साडेनऊला, म्हणजे मिनेसोटात आदल्या रात्री दहाला, शेजाऱ्याला फोन जातो. तो बिचारा उंच गोरा माणूस नाइट ड्रेसवर तळघरात उतरतो आणि मेंटेनर सोडवून, मल्टिमीटर लावून आकडा सांगतो. 12.7 म्हटलं की इकडे बाराव्होल्टे मांडवात मोकळेपणाने अक्षता टाकतात. 12.2 म्हटलं, म्हणजे निम्मी उरली, तर मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांचं कशात लक्ष नसतं.

माणूस म्हणून ते शंभर टक्के सहन होण्याजोगे नाहीत, पण बॅटरीबाबत त्यांचं एकही वाक्य चूक निघालेलं नाही. तेव्हा तुमच्याकडे ट्रेलर असेल तर त्यांचा सल्ला जरूर घ्या, मात्र फोनवर घ्या. आणि त्यांना विचारायचं राहिलंच, तर निदान एवढं करा: तार काढताना निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना शेवटी जोडा, म्हणजे पाना चुकून ट्रेलरच्या लोखंडाला लागला तरी ठिणगी उडणार नाही.