गेअरवाले भाऊ

गेअरवाले भाऊ आता प्रत्येक गावात एक तरी सापडतात. यवतमाळात त्यांचं पीक जरा जास्त, कारण गावच डोंगरावर. भाऊंचं वय पन्नाशीच्या अलीकडे, पोट पन्नाशीच्या पलीकडे. डॉक्टरांनी त्यांना नुसतं “रोज चालत जा” म्हटलं होतं. भाऊंनी त्यावर सत्तर हजारांची सायकल घेतली आणि घरी किंमत अठ्ठावीस हजार सांगितली. ही गोष्ट भाऊंनी “कोणाले सांगू नको” म्हणून ज्यांना सांगितली, तेवढ्याच लोकांना माहीत आहे. म्हणजे दत्त चौकापासून बसस्थानकापर्यंत.

रविवारी पहाटे भाऊ निघतात तेव्हा मोहिमेवर निघाल्यासारखे दिसतात. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्याला कॅप, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडात. नळी तोंडात असली तरी बोलणं थांबत नाही.

“काय भाऊ, कुठी?”

“निसर्गात जाऊन राहिलो!”

निसर्ग म्हणजे निळोणा किंवा चापडोह. ही दोन धरणं शहराला पाणी पुरवतात आणि भाऊंना पार्श्वभूमी. अंगात फारच जोर असला तर धामणगाव रोडवरचा करळगाव घाट. या घाटाची एक खोड आहे: जाताना उतार लागतो, येताना चढ. त्यामुळे भाऊंचे सगळे फोटो जातानाचे असतात. हसरे, वारा खाणारे, खाली “जंगल बोलावते” असं लिहिलेले. येतानाचे फोटो उपलब्ध नाहीत. येताना भाऊ सायकलच्या शेजारून चालतात. कोणी ओळखीचं दिसलंच तर खाली बसून चेन तपासतात. तेवढ्यात दुधाचे दोन कॅन लटकवलेली बिनगेअरची सायकल हाणत एखादा म्हातारा घंटी वाजवून पुढे जातो. भाऊ म्हणतात, “त्याचं टेक्निक चुकीचं हाय. गुडघे जातीन त्याचे.” आणि आपल्या गुडघ्याची कॅप सारखी करतात.

झाडांच्या बाबतीत भाऊ दिलदार आहेत. साग त्यांना ओळखू येतो, कारण घरचा दरवाजा सागाचा आहे. मार्चमध्ये पळस फुलला की तोही ओळखतात. बाकी धावडा, मोह, तेंदू, चारोळी या सगळ्यांना ते मोठ्या मनाने “आयुर्वेदिक” म्हणतात.

मग एकदा त्यांना टिपेश्वर आठवलं. आपल्याच जिल्ह्यातलं, 1997 साली घोषित झालेलं, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं वाघाचं अभयारण्य. आणि आपली सायकल अजून तिथे गेली नाही म्हणजे काय! भाऊंनी गाडीच्या टपावर सायकल बांधली, पांढरकवडा गाठलं आणि सुन्ना गेटवर जाऊन उभे राहिले, पूर्ण पोशाखात.

“भाऊ, सायकल आत न्याले मनाई हाय. पायी बी जाता येत नाही,” वनरक्षक म्हणाला.

“कायले? धूर नाही, आवाज नाही!”

“तेच त सांगून राहिलो. आवाज नाही म्हणून वाघाले तुमचा पत्ता लागत नाही अन् तुमाले वाघाचा. वळणावर दोघंबी एकदम दचकता. मंग?”

भाऊंनी त्या वळणाचा मनातल्या मनात विचार केला आणि जिप्सीचं तिकीट काढलं. हेल्मेट मात्र काढलं नाही. चितळं दिसली, नीलगाय दिसली, आणि एका पाणवठ्यात मागचं अंग बुडवून बसलेला वाघही दिसला. सगळी जिप्सी श्वास रोखून. भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “रिकव्हरी करून राहिला.”

परतीच्या वाटेवर गाइडने टी1सी1 ची गोष्ट सांगितली. याच टिपेश्वरातला हा वाघ. 2019 साली त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली, आणि गडी नव्या हद्दीच्या शोधात जो निघाला तो तेलंगणात डोकावून, शेतं, रस्ते, नाले ओलांडत थेट बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. चाल भरली तीन हजार किलोमीटरच्या आसपास. भाऊंचा चेहरा पडला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, “कॉलर कोणत्या कंपनीची?” दुसरा विचारला नाही, हिशेब केला. रविवारी बत्तीस किलोमीटर, म्हणजे तीन हजाराला चौऱ्याण्णव रविवार. पावसाळा, लग्नसराई आणि सासुरवाडी वगळता तीन वर्षं. आणि त्या वाघाने मधे कुठे आलूबोंडा-रस्सा खायला थांबा घेतल्याची नोंद नाही.

घरी त्यांनी हे सगळं मोठ्या आदराने वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “तो गेला तो गेला. तुमी त नऊ वाजता वापस येता अन् वरून भजे मांगता.”

इतकं सगळं असून भाऊंच्या हातून एक काम झालं, आणि ते त्यांच्या निसर्गप्रेमाने झालेलं नाही. निळोण्याच्या काठावर फोटो काढताना मागे पाण्याचे पाऊच, द्रोण, खर्र्याच्या पन्न्या यायच्या. फोटो बिघडतो म्हणून भाऊ आधी तेवढी चौकट साफ करू लागले. मग कोन बदलला, मग दुसरी चौकट. मित्रांनाही तशाच पार्श्वभूमीचा फोटो हवा झाला, तेही वाकू लागले. आता भाऊ पाठीवरच्या पिशवीत पाण्याऐवजी एक पोतं नेतात. वजन कमी झालं का, हे डॉक्टर सांगत नाहीत. पण काठावरचा चहावाला परवा म्हणाला, “भाऊ, पहिले इथं बसाले जागा नव्हती.”

भाऊ म्हणाले, “हो ना! थांब, इकडे उजेड चांगला हाय. एक काढ बरं.”