माणूस नावाचे नवे फीचर

मानसिक आरोग्याच्या अ‍ॅप्सवरचे संशोधन जोरात आहे. फक्त वापरणारा जागेवर सापडत नाही. 2019 मध्ये 93 अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा निम्म्या अ‍ॅप्सकडे पंधरवड्यानंतर शंभरातले चार जणही टिकले नव्हते. वोबॉट या चॅटबॉट अ‍ॅपच्या 2017 च्या गाजलेल्या चाचणीत 70 तरुण होते, मुदत दोन आठवडे आणि प्रतिस्पर्धी एक ई-पुस्तक. पुस्तकाला हरवल्याचा गुलाल उधळून झाला. जून 2025 मध्ये ते अ‍ॅपच बंद पडले.

यावर उत्तर तयार असते: देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, मग काहीच नसण्यापेक्षा अ‍ॅप बरे. खरे आहे, पण त्यातून तज्ज्ञांची टंचाई सिद्ध होते, अ‍ॅपचा गुण नव्हे. गुणाचा पुरावा शोधावा, तर मार्गदर्शक सोबत असलेले ऑनलाइन उपचार एकट्याने करायच्या उपचारांपेक्षा सहसा सरस ठरतात, विशेषतः नैराश्य तीव्र असेल तेव्हा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर तर सरळ समुपदेशकच बोलतात. म्हणजे इतक्या चाचण्यांअंती लागलेला शोध असा, की दुखऱ्या मनाला माणूस लागतो. आता त्या माणसाच्या पगारासाठी निधी मागून पाहा; समिती विचारेल, यात नावीन्य काय?